इंदूरहून सायकलने नर्मदाकाठ: जाम दरवाजाने उतरा, मांडवगडाच्या वाटेने चढा

प्रश्न असा आहे: मायलेकी, आई ४५ वर्षांची, लेक १९ची, दोघींकडे हायब्रिड सायकली. डिसेंबरात चार दिवसांत इंदूर, महेश्वर, रावेरखेडी, ओंकारेश्वर, मांडवगड (मांडू) आणि परत इंदूर असा फेरा करायचा आहे. सपाट रस्त्यावर दिवसाला ऐंशी-नव्वद किलोमीटर होतात, घाटाची सवय नाही. आईच्या सायकलीला पुढे ४२ दात्यांची एकच चकती आणि मागे १४-२८चे सात गिअर. लेकीच्या सायकलीला पुढे ४८-३८-२८ आणि मागे ११-३४. दिशा कोणती धरावी, सायकलीत काय बदलावे, सामान किती न्यावे?

आधी दिवसांचे बोलू. चार दिवसांत हे सगळे बसत नाही. पाच दिवस काढता आले तर उत्तम. नाही निघाले तर मांडवगड सोडा आणि ओंकारेश्वर पाहून बडवाहहून बसने परत या. मांडवगडच मनात असेल तर रावेरखेडी आणि ओंकारेश्वर दुसऱ्या वेळेसाठी ठेवा, महेश्वरला एक पूर्ण दिवस द्या. चारही ठिकाणे चार दिवसांत कोंबली की घाट उन्हात नाहीतर अंधारात चढावा लागतो, आणि नवखी माणसे तिथेच कोलमडतात.

अंतरे तुमच्या आवाक्यातली आहेत, पण विंध्याची कड आडवी येते. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. महेश्वरचा घाट दीडशेच्या आसपास. मध्ये सरळ उतार नाही. महूच्या पुढे जमीन आधी हळूहळू वर चढते आणि कडेला पोचली की एकदम खाली कोसळते. जवळचे जानापाव तर साडेआठशे मीटरच्या वर आहे. चंबळ तिथेच उगम पावते आणि उत्तरेला वाहत यमुनेला मिळते. त्याच कडेच्या दक्षिणेला पडलेला पाऊस नर्मदेत जातो. तुमची सायकल हा पाणलोट दोनदा ओलांडणार, एकदा उतरताना आणि एकदा चढताना. सगळा बेत या दोन ठिकाणांभोवती आखायचा.

इंदूरकडून निमाडात, म्हणजे विंध्याखालच्या नर्मदाकाठच्या प्रदेशात, उतरायला तीन मुख्य वाटा. पहिली आग्रा-मुंबई महामार्गाची, मानपूरवरून धामनोदला. रस्ता रुंद आणि गुळगुळीत, पण त्यावरचा गणपती घाट ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन होणाऱ्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. मागून अनावर आलेल्या ट्रकपुढे सायकलवाल्याला पळायला जागा नसते, म्हणून ही वाट उतरायला घेऊच नका. दुसरी सिमरोल, चोरल, भेरूघाट, बडवाह अशी खंडव्याची. झाडी सुंदर आहे, पण मालवाहतूक सतत, आणि चौपदरीकरणाच्या पट्ट्यात खडी व धूळ. तिसरी महूहून बडगोंद्यावरून जाम दरवाजाने मंडलेश्वरला. उतरायला हीच धरा.

उतरायला जामच का, आणि चढायला का नाही? जामचा घाट वळणावळणाचा आणि अंगावर येणारा आहे. उतरताना वेग तुमच्या हातात राहतो, गाड्या तुम्हाला दिसतात, तुम्ही त्यांना दिसता. चढताना तुम्ही ताशी पाच किलोमीटरने डुगडुगत असता आणि आंधळ्या वळणावरून येणाऱ्या गाडीला अंदाज येत नाही. मांडवगडाकडे निमाडातून चढणारी वाटही दमवते, पण तिथला दिवस पन्नास किलोमीटरच्या आतला असतो आणि मुक्काम वरच असतो. दम खात, पायी ढकलत गेलात तरी संध्याकाळच्या आत पोचता. जामने परत आलात तर चढ संपल्यावरही इंदूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर उरते, तेही संध्याकाळच्या रहदारीत.

पहिला दिवस: राजवाडा, राऊ, महू, जाम दरवाजा, मंडलेश्वर, महेश्वर. एकूण सुमारे ९० किलोमीटर. डिसेंबरात उजाडते सातच्या सुमारास आणि पावणेसहाला सूर्य मावळतो. हाती पावणेअकरा तास. घरून सहाला दिवे लावून निघा, म्हणजे राऊच्या चौकातली ट्रकांची गर्दी वाढण्याआधी पार होते. महू २३ किलोमीटर. तिथे पोहे खा, दोन्ही बाटल्या भरा, केळी घ्या. पुढे दरवाजापर्यंत दुकाने तुरळक आहेत. शनिवार-रविवार टाळा. सुटीच्या दिवशी इंदूर-महूची मोटारसायकलवाली पोरे जामवर फोटोसाठी झुंडीने येतात आणि वळणे कापत चालवतात. मंगळवार-बुधवारी तोच घाट शांत असतो.

जाम दरवाजा अहिल्याबाई होळकरांनी १७९१ साली बांधवला. माळव्यातून निमाडात, म्हणजे राज्याच्या जुन्या मुलखातून महेश्वरच्या राजधानीकडे उतरणारी ही वाट, आणि दरवाजा बरोबर कडेवर उभा आहे. वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून खालचे निमाड दिसते. अर्धा तास थांबायचेच आहे, कारण इथे ब्रेक तपासायचे आहेत.

ब्रेकचे गणित समजून घ्या. आई, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो धरले आणि उतार ५०० मीटरचा, तर सुमारे ४०० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. सव्वा लिटर पाणी उकळायला लागते तेवढी ही उष्णता. यातली काही हवा खाते, काही टायर, बाकी सगळी ब्रेकवर येते. ब्रेक हलकासा धरूनच सावकाश उतरलात तर हवेचा विरोध जवळजवळ मिळत नाही आणि सगळी उष्णता रिममध्ये साठते. रबरी ब्रेकच्या सायकलीत तापलेल्या रिममुळे जुन्या पंक्चरच्या ठिगळाचे सोल्युशन मऊ पडते आणि घाटाच्या मध्यावर ट्यूब बसते. म्हणून सरळ पट्ट्यात सायकल ताशी पंचवीस-तीसपर्यंत जाऊ द्या, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग दहा-बारावर आणा, वळणात ब्रेक सोडून द्या. वजन मागे, बाहेरचा पाय खाली. दर दोन-तीन किलोमीटरला पाच मिनिटे थांबा. रिम किंवा डिस्कला बोट लावून बघू नका, चटका बसतो. डिस्क ब्रेक असतील तर पॅडचे मटेरियल एक मिलिमीटरपेक्षा कमी उरलेले चालणार नाही. तारेचे डिस्क ब्रेक घाटात पॅड झिजून सैल पडतात, लिव्हर हॅन्डलला टेकायला लागतो. ॲडजस्टर दोन-तीन अर्धे फेरे फिरवून घट्ट करायला दोघींनी घरीच शिकून घ्या.

घाट उतरलात की हवा बदलते. वरचे स्वेटर काढावे लागते. निमाडात डिसेंबरची दुपार चांगलीच उबदार असते. मंडलेश्वरजवळ जलूद लागते. इंदुरात नळाला येणारे नर्मदेचे पाणी इथूनच पंपांनी विंध्याच्या कडेवर चढवले जाते. नुकताच घाट उतरलेल्या माणसाला त्या कामाचा आवाका चांगला कळतो. मंडलेश्वरहून महेश्वर नऊ-दहा किलोमीटर, सोपे.

महेश्वरला सायकल खोलीवर ठेवा आणि घाटावर पायी जा. चिरेबंदी पायऱ्या उंच आहेत, खांद्यावर सायकल घेऊन उतरण्यात अर्थ नाही. एक गोष्ट मात्र मनावर घ्या. वर ओंकारेश्वरचे धरण आहे आणि वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले की नदीची पातळी पाहता पाहता वाढते. महेश्वरच्या खाली जलकोटीजवळ सहस्रधारेला नदी काळ्या कातळातून शेकडो चिरांनी फुटून वाहते. तिथे कातळावर सायकल किंवा पिशव्या ठेवून आत जाऊ नका. भोंगा ऐकू आला, किंवा कोरडा दिसणारा दगड ओला दिसायला लागला, की मागे फिरा.

दुसरा दिवस सगळ्यात लांब, पण जवळजवळ सपाट: महेश्वर, मंडलेश्वरचा पूल, कसरावद, बेडियाच्या बाजूने रावेरखेडी, सनावद, मोरटक्का, ओंकारेश्वर. गावरस्ते कोणते धरता त्याप्रमाणे ९५ ते १०५ किलोमीटर. सातला चाक फिरले पाहिजे. महेश्वरच्या घाटावरून होडीने पलीकडे नावडातोडीला उतरून कसरावद गाठण्याचा पर्यायही आहे. नावाड्याशी सायकलींसकट भाडे आधी ठरवा आणि सायकल आडवी न ठेवता धरून बसा. नावडातोडी आणि महेश्वर इथे १९५०च्या दशकात ह. धी. सांकलियांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने बडोद्याच्या विद्यापीठाबरोबर उत्खनन केले आणि ताम्रपाषाण काळातली वस्ती उजेडात आणली. आज तिथे बघायला टेकाड आणि शेते आहेत. पण आपण जिथे होडीतून उतरतो तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वी लोक गहू पिकवत होते, हे माहीत असले की पाय थबकतो.

दक्षिण काठावर नोव्हेंबर-डिसेंबरात कापसाचे दिवस. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आणि पिकअपवर कापूस दोन्ही बाजूंना फुगवून, ताडपत्री बांधून भरतात. ट्रॉली तुमच्या शेजारून जाताना चाकापासून अंतर पुरेसे वाटते, पण वरचा फुगवटा हॅन्डलला घासतो. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला की डावीकडे उतरून थांबा. थांबल्याने दोन मिनिटे जातात, एवढेच. अंधारात याच ट्रॉल्यांना मागचे दिवे नसतात, त्यामुळे संध्याकाळी साडेपाचनंतर रस्त्यावर राहायचेच नाही. बेडिया हे सुक्या मिरचीचे मोठे मार्केट. हंगामात हवेतच ठसका असतो, नाकातोंडावर ओला रुमाल बांधा आणि त्या हाताने डोळे चोळू नका.

निमाडातली माती काळी. पिकांना पाणी देताना पाट फुटून रस्त्यावर आलेले असते. नकाशातला जवळचा रस्ता शेतातून जाणारा कच्चा असेल तर तो सोडून द्या. ओली काळी माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये अशी भरते की चाक फिरत नाही. काडीने उकरली तरी दहा पावलांवर पुन्हा भरते. दोन किलोमीटर वाचवायला गेलात तर तास जातो. डांबरी गावरस्ता लांबचा असला तरी तोच घ्या.

रावेरखेडीला दुपारपर्यंत पोचा. थोरले बाजीराव पेशवे इथे २८ एप्रिल १७४० रोजी वारले. वय चाळिशीला टेकलेले नव्हते. दक्षिणेतून उत्तरेत जाणाऱ्या मराठा फौजांचा नर्मदा ओलांडायचा उतार इथे होता. समाधी नदीला लागून, भिंतींच्या आवारात आहे. गाव लहान आहे, जेवणाची हमी धरू नका. डबा किंवा शेंगदाणे-गूळ-केळी सोबत ठेवा. आवारात शांतपणे तासभर बसता येईल असा वेळ राखून या, घाईत फोटो काढून निघावे अशी ही जागा नाही. एप्रिलमध्ये निमाड चाळिशीच्या पार तापते. डिसेंबरच्या दुपारीही इथे सावलीत बसावेसे वाटले, की त्या फौजा कोणत्या उन्हात नदीकाठी उतरत होत्या याचा अंदाज येतो.

तिथून सनावद, मोरटक्का आणि ओंकारेश्वर. मोरटक्क्यापासून शेवटचे १२ किलोमीटर यात्रेकरूंच्या गाड्यांचे. दर सोमवारी, अमावास्येला, पौर्णिमेला गर्दी दुप्पट होते. सोमवती अमावास्या आली असेल तर तारीखच बदला. राहायला शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचे भक्तनिवास आहे, शिवाय धर्मशाळा, पर्यटन विकास महामंडळाचे रिसॉर्ट. कुठेही गेलात तरी दोघींची मूळ ओळखपत्रे जवळ हवीत, आणि सायकली रात्री आत ठेवू देतील का हे पैसे देण्याआधी विचारा. पाय उरले नाहीत असे वाटले तर ओंकारेश्वरचा हट्ट न धरता सनावदलाच मुक्काम करा.

वाटेत परिक्रमावासी भेटतील, बरेचसे महाराष्ट्रातले. "नर्मदे हर" म्हटले की उत्तर येतेच. परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवतात आणि ती ओलांडत नाहीत. तुम्ही पुलावरून जा-ये करणार, म्हणजे ही परिक्रमा नव्हे, आणि परिक्रमावाशांसाठीच्या सदावर्तावर आपला हक्क सांगू नये. आश्रमाने आपणहून बोलावले तर जेवा, आणि निघताना तांदूळ-डाळ किंवा पैसे ठेवा.

तिसरा दिवस: सकाळी दर्शन, मग मोरटक्क्याचा पूल ओलांडून बडवाह आणि उत्तर काठाने मंडलेश्वर-महेश्वर, सुमारे ६५ किलोमीटर. मुद्दाम हलका ठेवला आहे, कारण चौथ्या दिवशी चढ आहे. पुलावर रहदारी दाटलेली असते, सायकल हातात धरून चालत पार करा. चारच दिवस असतील तर बडवाहहून इंदूरची बस घ्या.

चौथा दिवस: महेश्वर, धामनोद, गुजरी, मांडवगड. पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. धामनोद १३ किलोमीटर, सोपे. धामनोद ते गुजरी हा तुकडा महामार्गाचाच आहे, त्याला इलाज नाही. पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे, एकामागे एक, मध्ये दहा मीटर अंतर ठेवून चाला. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. गुजरीहून धारच्या बाजूला घाटाचा रस्ता सुटतो. तो चढून आलात की डावीकडे मांडवगड. शेवटी काकडा खोह नावाची दरी उतरून पुन्हा गडाच्या दरवाजांकडे चढायचे असते. हा शेवटचा चढ लहान आहे, पण पठारावर आल्यावर आता संपले असे वाटत असताना येतो, त्यामुळे जास्त लागतो. त्याच्यासाठी एक केळे राखून ठेवा.

आता गिअर, कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोठी अडचण तीच आहे. आठ टक्क्यांचा चढ धरा, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर आठ मीटर वर. ८५ किलो वर ढकलायला आणि टायरच्या घर्षणाला मिळून सुमारे ७३ न्यूटन जोर सतत लागतो. सराव असलेली पण स्पर्धक नसलेली व्यक्ती तासभर १०० वॉट काढू शकते असे धरले, तर वेग निघतो सेकंदाला १.३७ मीटर, ताशी पाच किलोमीटरच्या जरा आत. याहून जोरात जायची ताकद नाही आणि गरजही नाही. प्रश्न एवढाच की या वेगाला पायडल किती फिरते. ४२ची चकती आणि मागे २८ असेल तर मिनिटाला २५-२६ फेरे. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर उभे राहून दाब. दहा मिनिटांत गुडघ्याची वाटी बोलायला लागते, आणि पाचव्या दिवसाचे शंभर किलोमीटर तिथेच गमावले जातात. लेकीच्या २८ आणि ३४च्या जोडीला त्याच वेगात सुमारे ४६ फेरे येतात. सुखाचे नाही, पण चालते. पुढे २२ची चकती असेल तर ५९, आणि मग बोलत बोलत चढता येते.

आईच्या सायकलीला मागे १४-३४चे सात गिअरचे फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दात्यांचा संच, बसवा. खर्च फार नाही. चेन दोन-तीन कड्या लांब लागेल, नवीच घ्या. जुनी ताणलेली चेन नव्या दात्यांवर उडते. मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ३४ दाते झेपणारा, लांब पिंजऱ्याचा आहे का, हे दुकानदाराकडून पक्के करा. एवढे करूनही फेरे ३१ पर्यंतच येतात. म्हणून शक्य असेल तर पुढे ४२-३२-२२चा तिहेरी क्रँक (पायडलच्या दांड्या आणि तीन चकत्या) बसवा. त्याबरोबर योग्य लांबीचा बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा आस), पुढचा डिरेलर आणि शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) लागतो, आणि हा खर्च मनात येतो त्याहून जास्त असतो. नाही केला तर सरळ ठरवून टाका की तीव्र तुकडे आई पायी ढकलेल. ढकलण्याचा वेग ताशी साडेतीन-चार, म्हणजे चालवण्यापेक्षा फारसा कमी नाही. ढकलताना सायकलीच्या डाव्या बाजूला राहा आणि वळणावर समोरून येणाऱ्याला दिसाल अशा कडेने जा.

सामान प्रत्येकी आठ किलोपर्यंत. पाठीवर काहीच नको, पाठीवरची पिशवी घाटात पाठ आणि बैठक दोन्ही मोडते. मागच्या कॅरिअरला दोन बाजूच्या पिशव्या लावा, जड वस्तू तळाशी आणि चाकाच्या आसाजवळ. कॅरिअरचे पाच मिलिमीटरचे बोल्ट खडबडीत रस्त्यावर हमखास सैल होतात. निळे थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा आणि रोज संध्याकाळी चार नंबरच्या ॲलन चावीने दाबून बघा. एक बोल्ट पडला की कॅरिअर मागच्या चाकात झुकतो, आणि मग स्पोक जातात.

स्पोक मागच्या चाकाचे, चेनच्या बाजूचे तुटतात, कारण तिथे ताण सगळ्यात जास्त असतो. निघायच्या आठवडाभर आधी सगळे स्पोक बोटाने छेडून बघा. एकाच बाजूच्या स्पोकांचा सूर जवळपास सारखा यायला हवा. बद्द वाजणारा सैल आहे, मेकॅनिककडून चाक ट्रू, म्हणजे सरळ, करून घ्या. वाटेत तुटलाच तर तो शेजारच्याला गुंडाळून बांधा. चेनच्या बाजूचा तुटला की रिम डावीकडे सरकते. तुटलेल्याच्या दोन्ही शेजारचे डाव्या बाजूचे स्पोक अर्धा अर्धा फेरा सैल करा, रिम मध्यावर येते. रबरी ब्रेक असेल तर तो थोडा उघडा ठेवा आणि पुढच्या मोठ्या गावापर्यंत सावकाश जा.

टायर ३५ मिलिमीटरचे पुरेसे. हवा मागे ५०-५५, पुढे ४०-४५ पीएसआय. लेकीचे वजन जास्त असेल तर मागे पाच वाढवा. पेट्रोल पंपाच्या हवेचा दाब एकदम चढतो, दोन-दोन सेकंदांच्या झटक्यांनी भरा. पंक्चर बहुतेक गोखरू आणि बाभळीच्या काट्याने होतात, आणि तेही चालवताना कमी, रस्त्याकडेच्या गवतात सायकल आडवी ठेवल्यावर जास्त. डांबरावर किंवा दुकानाच्या ओट्याला टेकवून ठेवा. ट्यूब बदलताना टायरच्या आतून फडके फिरवा. काटा आत राहिला तर नवी ट्यूब शंभर मीटरवर बसते.

निमाडाच्या गावातला सायकलवाला पंक्चर उत्तम काढतो, पण त्याच्याकडे ट्यूब जुन्या काळ्या सायकलींची, २८ बाय दीडची असते. अडचणीत ती तुमच्या ७०० मापाच्या टायरमध्ये बसते. तिचा व्हॉल्व्ह मात्र जाड असतो: रिमचे भोक मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हचे, साडेआठ मिलिमीटरचे असेल तरच आत जातो. बारीक व्हॉल्व्हची रिम असेल तर तीन ट्यूब घेऊन निघा आणि पंपाच्या हवेसाठी पितळी ॲडाप्टर ठेवा. बाकी पिशवीत दोघींत मिळून: पंप, टायर काढायच्या तीन पट्ट्या, आठ ठिगळे आणि सोल्युशनची नवी ट्यूब (उघडलेली सुकून जाते), चेन तोडायचे अवजार आणि तुमच्या चेनच्या मापाची क्विक लिंक (हाताने जोडता येणारी कडी), गिअरची आणि ब्रेकची एकेक तार, ब्रेक पॅडचा एक जोड, स्पोक चावी, आपल्या सायकलीचे डिरेलर हँगर (मागचा डिरेलर फ्रेमला ज्यावर बसतो तो तुकडा), थोडे तेल, केबल टाय. हँगर विसरू नका. सायकल उजव्या अंगावर पडली की तेच वाकते, आणि प्रत्येक मॉडेलचे वेगळे असल्याने ते निमाडात मिळायचे नाही.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, तहान लागायची वाट न बघता. दर दोन-तीन तासांनी एक बाटली ओआरएसची. पुड्यावर लिहिलेल्या मापातच घोळा, अर्ध्या पाण्यात पुडी टाकली तर फायद्याऐवजी मळमळ होते. घाटाच्या आधी दाल-बाफले खाऊ नका, तुपात बुडालेले ते रात्रीचे जेवण. ज्वारीची भाकरी, अमाडीची भाजी मिळाली तर दुपारी पोटाला ती बरी. चढाच्या दिवशी दर तासाला थोडे: केळे, चिक्की, गूळ-दाणे.

पाचवा दिवस: मांडवगड, धार, घाटाबिल्लोद, बेटमा, इंदूर. शंभराच्या आसपास. गड बघायचा तो चौथ्या दिवशी संध्याकाळी आणि पाचव्या दिवशी पहाटे. रूपमतीचा महाल संध्याकाळीच बघा, हवा स्वच्छ असेल तर तिथून नर्मदेची रेघ दिसते, दोन दिवस ज्या काठाने फिरलात ती. धार ३५ किलोमीटर. धारच्या किल्ल्यात १७७५ साली दुसरे बाजीराव जन्मले. पेशवाईतल्या पहिल्या बाजीरावाची समाधी आणि शेवटच्याचे जन्मस्थान एकाच फेऱ्यात येतात, हे मराठी माणसाने चुकवू नये. धारनंतर चौपदरी रस्ता, कडेची पट्टी रुंद, लय धरून चालवता येते. घाटाबिल्लोदला पुलाखाली चंबळ आहे, पहिल्या दिवशी जिच्या उगमाच्या डोंगराजवळून गेलात तीच.

कुठल्याही दिवशी बसने परतायची वेळ आली तर धामनोद, बडवाह आणि धार ही तीन ठिकाणे सोयीची. पिशव्या काढून सोबत घ्या, सायकल टपावर चेनची बाजू वर करून आडवी ठेवा, स्वतःच्या दोरीने फ्रेमला बांधा. चाकाला दोरी बांधली की धक्क्याने रिम वाकते. कंडक्टरशी भाडे चढण्याआधी ठरवा.

आणि निघण्याच्या तीन आठवडे आधी, पूर्ण सामान लावून, दोघींनी इंदूरहून जानापाव करून या. चढ तोच, उतार तोच, आणि बिघाड झाला तर घर जवळ. तिथे आईचा गिअर पुरला नाही, कॅरिअर हलला किंवा ब्रेक ढिले वाटले, तर दुरुस्तीला अजून वेळ हातात असतो.